गोड लिहा, नाहीतर खासगीत लिहा

आमच्या गटाचा नियम पहिल्याच दिवशी वाचायला मिळतो, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: "गोड लिहा, नाहीतर खासगीत लिहा." म्हणजे कोणी आपल्या हाताने केलेल्या वाटीचा फोटो टाकला, की खाली फक्त कौतुक करायचं. वाटी वाकडी असो, तिला चीर गेलेली असो, पहिल्याच गरम पाण्याला ती फुटणार हे आंधळ्यालाही दिसत असो, चारचौघांत ब्र काढायचा नाही. अगदीच राहवत नसेल तर त्या बाईला गुपचूप वेगळा निरोप पाठवायचा. गटाचं नाव "चाकावरची मंडळी". घरच्या घरी मातीची भांडी करणाऱ्या हौशी लोकांचा हा फोनवरचा गट, आणि हौशी माणसं किती नाजूक असतात ते मला तिथेच कळलं.

मी नाजूक नाही. पंखे आणि मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारींच्या खिडकीमागे बसते. जळालेला मिक्सर पिशवीतून काढून माझ्यासमोर आदळतात आणि तो मीच जाळल्यासारखं बोलतात. मला ती माणसं आवडतात. ओरडणाऱ्याला अजून आशा असते की मिक्सर दुरुस्त होईल. ज्याची आशा संपली तो चकार शब्द न काढता दुसऱ्या कंपनीचा मिक्सर घेऊन येतो, आणि आमचे साहेब मीटिंगमध्ये खुशीत सांगतात, "यंदा तक्रारी कमी झाल्या." होतीलच ना, गिऱ्हाईकच गेलं!

हे मी घरी सांगते तेव्हा घरचे म्हणतात, हिला भांडायची खोड आहे. असेल. पण ह्या वेळी खोडीचं निमित्त काय होतं ते ऐका आणि मग मला नावं ठेवा.

गट चालवणाऱ्या बाईंना सगळे माई म्हणतात. माईंचा हात खरंच सुरेख आहे, ते नाकारण्याइतकी मी आकसखोर नाही. भांडं एकदा भाजून झालं की त्यावर लेप देऊन पुन्हा भट्टीत घालतात. तो लेप वितळून काचेसारखा चकाकतो. माईंचा नारिंगी लेप म्हणजे गटाचं दैवत. असा झगझगीत रंग दुसऱ्या कोणाला जमत नाही. त्याची पूड माई स्वतः तयार करतात, पाकिटांतून विकतात आणि त्यात काय काय आहे ते कोणाला सांगत नाहीत. त्या लेपाचे तयार कपही विकतात. गटातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत ते कप आहेत.

मीही पूड घेतली आणि एक कप केला. सकाळी उठल्यावर मी लिंबू पिळलेलं कोमट पाणी पिते, ते त्याच कपातून प्यायला लागले. काही महिन्यांनी कप धुताना आतून बोट फिरवलं तर हाताला खरखरीत लागलं. उजेडात नेऊन बघितलं. पाणी जिथपर्यंत असायचं तिथपर्यंतचा रंग विटला होता, चकाकी गेली होती. वरचा भाग मात्र नव्या नवरीसारखा झळकत होता. लेप झटपट वितळावा आणि रंग खुलावा म्हणून पूर्वी त्यात शिसं घालत, आणि आंबटाने ते सुटून पोटात जातं, हे मातीकामाच्या पुस्तकात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. शिसं काही एका दिवसात माणसाला आडवं करत नाही. ते हळूहळू साचतं, आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त नडतं.

मी नियमाने वागले. माईंना खासगीत लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं. "बाळा, ही तक्रार करणारी तू पहिलीच. तुझी भट्टी पुरेशी तापली नसणार." मी विचारलं, लेपात काय काय आहे? "सगळं नैसर्गिक. मातीतलीच खनिजं." मी लिहिलं, "शिसंही मातीतलंच असतं, माई." त्यावर एक लाल बदाम आला. पुढे काही नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला बाळा म्हणायचं आणि बदाम पाठवून वाटेला लावायचं!

तरी मी गप्प बसले. खरंच बसले. वाटलं, असेल आपली भट्टी कच्ची.

मग एका रविवारी लेकीकडे गेले. ओट्याशी स्टुलावर बसून माझी नात संत्र्याचा रस पीत होती, दोन्ही हातांनी कप धरून. कप नारिंगी. लेकीने माईंच्या विक्रीतून सहा कपांचा संच घेतला होता. ती स्वतः माती मळत नाही, पण गटात आहे आणि माईंवर तिचा फार जीव. "रसाचा आणि कपाचा रंग एकच आहे ना आजी, म्हणून रस ह्याच्यातच राहतो," छोटीने मला समजावलं. तिला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. हे तर्कशास्त्र तिने स्वतः काढलं होतं आणि रोज दोनदा अमलात आणत होती.

मी तिच्या हातातून कप काढून घेतला. ती रडायला लागली. लेक धावत आली.

"आई, काय करतेस तू?"

"ह्यात रस देऊ नकोस. लेप सुटतो. आतून बघ जरा."

तिने बघितलं. रंग विटलेला होता, पण बघायचंच नसेल तर काहीही दिसत नाही. "रोज घासून झालं असेल. माई असं काही करतील का? तू त्यांना विचारायचंस ना, खासगीत."

"विचारलं. मला बदाम मिळाला."

"आई, प्लीज. माझ्या घरी तरी तक्रारींची खिडकी उघडू नकोस."

जावई खोलीतून बाहेर आले, परिस्थिती बघितली आणि आल्या पावली परत गेले. निघताना मी संचातला न वापरलेला एक कप पर्समध्ये घातला. चोरी म्हणायची तर म्हणा. हा कप माईंच्या स्वतःच्या भट्टीतला होता, तेव्हा त्यात तरी माझ्या भट्टीचा दोष निघणार नव्हता. घरी येऊन त्याचा फोटो काढला, त्यात लिंबाचा रस भरला आणि झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तो ओतून टाकला. रसाच्या रेषेखाली कप पांढुरका पडला होता.

तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन फोटो गटावर टाकले, एक आधीचा, एक नंतरचा. खाली लिहिलं: "हा कप माईंच्या भट्टीतला आहे. लिंबाच्या रसाने लेप सुटला. ह्यात शिसं आहे का, ते माईंनी सगळ्यांसमोर सांगावं. तोवर ह्या कपांतून कोणी, विशेषतः मुलांनी, काही पिऊ नये." शिवी नाही, टोमणा नाही. माझ्या मानाने हे फारच सभ्य होतं.

आणि मग तुटून पडले सगळे. "किती हा नकारात्मकपणा!" "माईंनी आम्हाला शून्यातून घडवलं, आणि तुम्ही?" "दुसऱ्याच्या कष्टांवर लिंबू पिळणं सोपं असतं, ताई." एका गृहस्थांनी लिहिलं, "आम्ही तुमचीही भांडी बघितली आहेत," आणि त्याखाली हसरे चेहरे लागले. "मुद्दा बरोबर असेलही, पण हे खासगीत सांगायचं होतं," असं म्हणणारे तर डझनभर. पद्धत चुकली, भाषा चुकली, वेळ चुकली. कपाबद्दल कोणी बोलेना. फक्त एका अनोळखी बाईने विचारलं, "मग आमच्याकडे आहेत त्या कपांचं काय करायचं?" मी तिला उत्तर लिहायला घेतलं आणि तेवढ्यात सगळंच नाहीसं झालं. माझा मजकूर गेला, फोटो गेले, आणि पाठोपाठ मीही गेले. गटातून काढलं मला.

काढणारी कोण, तर माझी थोरली जाऊ. माईंच्या वतीने गटावर देखरेख तीच ठेवते. कोणाला घ्यायचं, कोणाचं काय पुसायचं, सगळं तिच्या हातात. बाई स्वभावाने लोण्यासारखी. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नाही, आणि कुटुंबात मला समजावायची वेळ आली की तिलाच पुढे करतात. तिचा फोन आला.

"अगं, काय हे? माई रडत होत्या."

"वहिनी, तुम्ही फोटो बघितलेत का?"

"तो प्रश्नच नाही. पद्धत असते गं एक. गोडीने सांगितलं असतंस तर..."

"गोडीने सांगितलं होतं. कप बघितलात का?"

"पद्धत, अगं, पद्धत," ती म्हणाली, आणि मला आठवतं, एवढं म्हणून ती जरा जास्तच वेळ थांबली. मग, "भाऊजींना नमस्कार सांग," म्हणून तिने फोन ठेवला.

भाऊजी, म्हणजे आमचे हे, शेजारीच पेपर वाचत होते. "तुला काय पडलंय?" ते म्हणाले. "तू वापरू नकोस, आपण वापरत नाही, विषय संपला. त्या लोकांना तू ओळखतही नाहीस."

आता हा प्रश्न मला लोकांनी इतक्यांदा विचारलाय की मी त्यावर खरंच विचार केला आहे. का लिहितेस? दुसऱ्यांच्या भल्यासाठी, असं म्हणता आलं असतं, पण ते पूर्ण खरं नाही. आपलं बरोबर आहे हे जगाला दिसावं, ही खाज मला आहे. समोर धडधडीत चूक दिसत असताना पन्नास माणसं "अप्रतिम, अप्रतिम" करतात, तेव्हा माझं डोकं सणकतं, हेही आहे. पण मुख्य म्हणजे, मला तो गट आवडत होता. कामावरून आल्यावर चाकापाशी बसायचं, हात मातीत घालायचे, मग त्या लोकांचं काय चाललंय ते बघायचं. ज्या जागेशी आपलं काही देणंघेणं नाही तिथे कोण भांडत बसतं? तिथून माणूस उठून जातो. आमच्या गिऱ्हाइकांसारखा. ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझं प्रेम आहे म्हणून तू भांडतेस. मग माझ्यावर फारच आहे म्हणायचं," आणि पुन्हा पेपरात शिरले.

लेकीने बोलणं टाकलं. गटात सगळ्यांना माहीत होतं की ती माझी मुलगी, त्यामुळे तिला मान खाली घालावी लागली, असं तिचं म्हणणं. मी रोज एकच निरोप पाठवत राहिले: छोटीचं रक्त तपासून घे. तिने मला ब्लॉक केलं. मी ह्यांच्या फोनवरून पाठवायला लागले. जावयांच्या ऑफिसातही फोन केला. लाज? कप माझ्या नातीच्या तोंडाला लागत होता. लाज मी गुंडाळून ठेवली होती.

शेवटी लेकीने फोन केला. "घेते तपासून. फक्त तुझं तोंड बंद व्हावं म्हणून. एवढ्याशा पोरीला सुई टोचतील ती तुझ्यामुळे, लक्षात ठेव."

"ठेवते," मी म्हटलं.

निकाल आला त्या दिवशी मी खिडकीवर होते. समोर एक म्हातारे गृहस्थ पंख्याचं पातं हलवून दाखवत होते. लेकीचा फोन. "आई, निकाल आला," ती म्हणाली. शिसं निघालं होतं. अगदी जिवावरचं नाही, पण मुलाच्या रक्तात असू नये इतकं. डॉक्टर म्हणाले, कप ताबडतोब बंद करा, हळूहळू उतरेल, पुन्हा तपासू. तिने विचारलं, तोवर काही बिघडलं असेल का? ते म्हणाले, ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही. शाळेत जाईल तेव्हा कळेल, कदाचित कळणारही नाही. मी बरोबर ठरले होते. त्या बरोबर असण्याला मी तिथेच काडी लावली असती.

मी अर्धी रजा टाकून लेकीकडे गेले. थोड्या वेळाने जाऊबाई आल्या, छोटीसाठी कापडी ससा घेऊन. छोटी सशाला घेऊन खाली बसली. जाऊबाईंनी माझ्या लेकीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस गं. होईल सगळं नीट. अगं, माझेही कप अस्सेच झाले होते, आतून अगदी पांढरे. मी आपले काढून टाकले."

लेक तिच्यापासून बाजूला झाली. "कधी?"

"झाली असतील तीनेक वर्षं. मी माईंना लिहिलंही होतं, खासगीत. तर त्या म्हणाल्या, ही तक्रार करणारी तू पहिलीच." ते वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. तिने माझ्याकडे बघितलं.

मला हसू आलं. वाईट हसू. "मीही पहिलीच होते, वहिनी."

लेक हसली नाही. "काकू," ती म्हणाली, "छोटीच्या वाढदिवसाला तू इथे होतीस. माझे हात केकने भरले होते, म्हणून रस तू ओतून दिलास तिला. ह्याच कपात."

जाऊबाईंचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुझे नवीन आहेत, आता लेप सुधारला असेल. आणि घर भरलेलं होतं गं. तू एवढ्या हौसेने सगळ्यांना ते कप दाखवत होतीस. तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं!" मी ओरडले. छोटी दचकली, पण मला थांबता येईना. "पोरीच्या पोटात विष ओतलंत, तिच्या आईला वाईट वाटू नये म्हणून? आणि मी ओरडून सांगितलं तेव्हा माझंच पुसून टाकलंत? तुम्हाला माहीत होतं, वहिनी! त्या सबंध गटात एक तुम्हीच होतात जिला पक्कं माहीत होतं!"

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एरवी तिच्या डोळ्यांत पाणी आलं की घरातले सगळे विरघळतात. "तुझं बरं आहे," ती म्हणाली. "तुला कोणी वाईट म्हटलं तरी चालतं. मला नाही गं चालत."

"कोणी सांगितलं मला चालतं?" मी म्हटलं. "माझ्या भांड्यांना हसले ना ते लोक, ते मी कामावर वाचलं, बाथरूममध्ये जाऊन. तोंड धुऊन परत खिडकीवर बसले. मलाही गोड म्हणवून घ्यायला आवडलं असतं, वहिनी. तुमच्याइतकंच आवडलं असतं."

हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. लेकीने टेबलावरचा फोन उचलला.

"काय करतेस?" जाऊबाईंनी विचारलं. "अगं, जे झालं ते आपल्यातच राहू दे. मी बोलते माईंशी. खासगीत."

"नाही काकू," लेक म्हणाली.

तिने लिहिलं, गटावर, सगळ्यांसमोर. मुलीचं वय लिहिलं, कप कुठून घेतला ते लिहिलं, डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं. शेवटी लिहिलं, "माझ्या आईने सांगितलं होतं. तुम्ही तिला काढलंत आणि मी तिला ब्लॉक केलं." मग पाठवून दिलं.

जाऊबाईंच्या पर्समध्ये फोन वाजला. त्यांनी काढून बघितला. पुसून टाकायचं बटण त्यांच्याच हातात होतं.

"पुसा," मी म्हटलं. "माझं पुसलंत तसं. आम्ही बघतो इथे बसून."

त्यांनी पुसलं नाही. मग गटावर एकेक उत्तर यायला लागलं. लेक वाचून दाखवत होती. "आमचेही कप आतून पांढरे झालेत." "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं." "मी माईंना लिहिलं होतं, त्या म्हणाल्या तू पहिलीच." "मलाही तेच म्हणाल्या." "मलाही." लिंबू पिळणं सोपं असतं म्हणणारी तीच बाई आता लिहीत होती की तिने आपला संच गेल्या वर्षीच माळ्यावर टाकला. येतच होते. थांबेनात.

मला आनंद व्हायला हवा होता, निदान सुटल्यासारखं तरी वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. एकेकाची मानगूट धरून विचारावंसं वाटत होतं, मी एकटी उभी होते तेव्हा कुठे होता रे तुम्ही सगळे? माझ्या मजकुराखाली एकाने जरी हे लिहिलं असतं, फक्त एकाने, तर लेकीने त्याच दिवशी ते कप टाकले असते.

जाऊबाई खुर्चीच्या कडेवर बसून फोनवर काहीतरी लिहीत होत्या. पुसत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. शेवटी त्यांनी फोन पालथा घालून मांडीवर ठेवला. लेकीच्या फोनवर ते उमटलं. तिने वाचलं नाही, फोनच माझ्यासमोर धरला.

खाली जाऊबाईंचं नाव होतं, आणि पुढे एकच शब्द: "मीही."

दोन अक्षरं. तेवढी लिहून घ्यायला माझ्या नातीचं रक्त काढावं लागलं.